माथेरानच्या घोड्यावर बसवण्याआधी पाव तास शिकवा

प्रति,
मा. मुख्याधिकारी आणि सर्व लोकप्रतिनिधी, माथेरान गिरिस्थान नगरपरिषद,
तसेच माथेरानमधील सर्व अश्वपाल बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात घोडेस्वारी शिकवतो आणि माथेरानला नेमाने येतो. तुमच्या डोंगरावरचे घोडे आणि त्यांच्या जिवावर चालणारी घरे, दोन्हींविषयी मला आपुलकी आहे, म्हणून हे पत्र. आडवळणाने काही मांडत नाही. दस्तुरी नाक्यावर, म्हणजे जिथे मोटारी थांबतात तिथे, उतरलेला पर्यटक पाच-सात मिनिटांत घोड्यावर असतो. दर ठरतो, कोणीतरी त्याला खालून आधार देऊन वर चढवतो, त्याचा पाय रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, घातला जातो, हातात लगाम येतो आणि घोडा चालू लागतो. एवढ्या वेळात घोडा थांबवायचा कसा, हे त्याला कोणी सांगत नाही. अनेकांची ती आयुष्यातली पहिलीच रपेट असते आणि ती सुरू होते चढउताराच्या लाल, खडकाळ वाटेवर, माणसांच्या गर्दीत.

माझी मागणी अशी आहे. माथेरानात भाड्याच्या घोड्यावर बसणाऱ्या प्रत्येक नवख्याला आधी बंदिस्त रिंगणात निदान पाव तास शिकवावे आणि मगच वाटेला लावावे. ज्याला दुडकी किंवा भरधाव घोडा पळवायची हौस असेल त्याने ते आपल्या गावी रीतसर शिकून यावे, नाहीतर माथेरानात चार दिवस मुक्काम करून शिकावे. तोवर त्याचा घोडा कदम चालीने आणि घोडेवाल्याच्या हातात धरूनच चालावा. त्यासाठी लागणारी जागा, माणसे आणि घोडे तुमच्याकडे आधीपासून आहेत.

पाव तासाने काय होणार, असे कोणीही विचारील. घाबरलेला माणूस घोड्यावर काय करतो ते पाहिले की याचे उत्तर मिळते. घोडा जरा चमकला, किंवा पुढच्या घोड्यामागे चार पावले धावला, की नवखा स्वार पुढे वाकतो, मांड्या आणि टाचा आवळून धरतो, लगाम दोन्ही हातांनी छातीकडे खेचतो आणि ओरडतो. पडू नये म्हणून शरीर आपोआप हे करते. आता घोड्याच्या बाजूने पाहा. टाचा आवळल्या, म्हणजे पुढे चल. वजन पुढे आले, म्हणजेही पुढे चल. कानाशी किंकाळी आली, म्हणजे धोका; आणि धोका जाणवला की पळायचे, हे घोड्याच्या रक्तात आहे. मोकळ्या माळांवर शिकारी जनावरांपासून पळून जीव वाचवत घडलेला हा प्राणी आहे.

राहिला लगाम. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीची मोकळी जागा असते, लगामाचा तोंडातला लोखंडी दांडा, म्हणजे कडियाळे, तिथे बसते. तिथे सतत खेच लागली की वेदनेतून सुटायला घोडा मान वर फेकतो आणि आणखी जोरात धावतो. स्वार जिवाच्या आकांताने 'थांब' म्हणत असतो आणि त्याचे सगळे अंग घोड्याला 'पळ' म्हणत असते. तेवढ्यात घोडेवाला त्याला वाचवायला मागून धावत येतो, आणि मागून धावत येणाऱ्या पावलांनी घोडा अधिकच बिथरतो. यात कोणाचीही नियत वाईट नसते.

हे नुसते सांगून सुधारत नाही. शरीराला दुसरी सवय लावावी लागते आणि ती रिंगणातच लागते. शिकवणारा मध्ये उभा, घोडा त्याच्या लांब दोरीवर गोल फिरतो आहे, स्वाराच्या हातात सुरुवातीला लगामसुद्धा नाही. आधी त्याने नुसते बसायचे. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळीत, मांड्या सैल, टाच खाली, श्वास चालू. घोड्यावर नवखा माणूस श्वास रोखून बसतो आणि त्याच्या अंगातला तो ताठरपणा घोड्याला पाठीवर कळतो. मग लगाम द्यायचा आणि थांबायला शिकवायचे: मागे बसा, श्वास सोडा, लगाम घ्या, घोड्याने ऐकले की लगेच सोडा. ओढ आणि सोड. सोडणे हे घोड्याचे बक्षीस आहे, ते मिळाले नाही तर थांबण्यात त्याला काही अर्थ वाटत नाही. असे चालणे-थांबणे रिंगणात आठ-दहा वेळा झाले म्हणून माणूस स्वार होत नाही हे मलाही मान्य आहे. पण वाटेवर घोडा चमकला तर ओरडण्याखेरीज करण्यासारखे काहीतरी त्याच्या अंगात बसलेले असते. पहिल्याच झटक्याला ते उपयोगी पडते.

पायाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात भयंकर अपघात तिथून होतो. पाय रिकिबीत चवड्यापर्यंतच असावा, टाच खाली. माथेरानला आलेले पर्यटक चपला, फ्लोटर, कधी जाड खाचांच्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज घालून येतात. टाच नसलेला पाय रिकिबीतून आरपार घोट्यापर्यंत जातो. अशा स्थितीत माणूस पडला तर जमिनीवर सुटून पडत नाही, तो रिकिबीला लटकतो. आणि अंगाशी काहीतरी फरफटते आहे या भीतीने घोडा धावतच राहतो. पुढून बंद असलेली रिकीब मिळते, काही ठिकाणी रिकिबीवर चामड्याची टोपी बसवतात, तिच्यातून पाय पुढे सरकूच शकत नाही. ही टोपी आपल्याकडचा कोणताही चामड्याचे काम करणारा कारागीर शिवून देईल. भाड्याच्या प्रत्येक खोगिराला ती बसवायला किती खर्च येईल? नगरपरिषदेने एकदा हिशेब मांडून पाहावा.

रिकिबीची लांबीही बहुतेक वेळा आधीच्या गिऱ्हाइकाची तशीच राहिलेली असते. उंच बापाच्या मापाच्या रिकिबीत दहा वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळतात. बोटांची टोके खोगिराला रिकिबीचा पट्टा अडकतो तिथे लावून हात सरळ धरायचा, रिकीब काखेपर्यंत आली की माप साधारण बरोबर. जमिनीवर उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात होणारी गोष्ट आहे. तंगाचे, म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून बांधायच्या पट्ट्याचेही तसेच. खोगीर कसताना पुष्कळ घोडे पोट फुगवून धरतात, थोडे चालल्यावर श्वास सुटतो आणि तंग सैल पडतो. मग वळणावर खोगीर माणसासकट एका बाजूला घसरते. रिंगणातली पहिली पाच मिनिटे झाल्यावर तंग पुन्हा तपासायचा, हा नियमच करावा.

आता माथेरानच्या वाटांबद्दल. तिथली जांभ्याची लाल माती तुमच्याइतकी मला कशी कळणार? पण शिक्षक म्हणून जे दिसते ते सांगतो. उन्हाळ्यात वाटेवर भुसभुशीत धूळ आणि तिच्याखाली सुटे दगड, पावसाळ्यात शेवाळ, जागोजागी झाडांची उघडी पडलेली मुळे. वाट काही ठिकाणी मिनी ट्रेनच्या रुळांजवळून जाते. फांदीवरून माकड अचानक खाली उडी मारते, कोणाच्या हातातली प्लास्टिकची पिशवी फडफडते. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. अगदी नाकासमोरचे आणि थेट मागचे मात्र दिसत नाही. मागून सेल्फी काढायला येणारा माणूस नेमका त्या न दिसणाऱ्या जागेतून येतो. लुईझा किंवा इको पॉइंटच्या दिशेने जाताना वाट अरुंद होते आणि एका बाजूला दरी असते. सपाट मैदानात बिथरलेला घोडा एका बाजूचा लगाम घेऊन गोल वळवत थांबवता येतो, अनुभवी स्वार तेच करतो. तुमच्या कित्येक वाटांवर गोल वळवायला जागाच नाही. म्हणून माथेरानात शिकल्याशिवाय बसणे इतर ठिकाणांपेक्षा जास्त धोक्याचे आहे. पाचगणीच्या टेबल लँडवर निदान मोकळे पठार तरी आहे.

घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सव्वादोन-अडीच मीटर उंच असते. भरधाव सुटलेला घोडा तासाला ४० किलोमीटरच्या पुढे जातो. माथेरानात घोड्यावरून पडून पर्यटक दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. प्रत्येक वेळी त्यानंतर हेल्मेटची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण हेल्मेट घोडेस्वारीचेच हवे. डोक्याच्या मागच्या भागावर नीट उतरणारे, हनुवटीखाली पट्टा बसणारे आणि डोक्याच्या मापाचे. सैल हेल्मेट पडताना आधी निघून जाते. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आतली भरण दबलेली असते आणि ते बाहेरून कळत नाही. आणि मार लागल्यावर पुढे काय? गावात मोटारगाड्यांना बंदी आहे, रुग्णवाहिकेसारखे थोडेच अपवाद. मेंदूला मार लागलेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयात न्यायचे तर आधी दस्तुरी, मग नेरळचा घाट, मग पुढचा रस्ता. ज्या ठिकाणाहून रुग्णालय इतके दूर, तिथे पडू न देण्याची काळजी दुप्पट घ्यायला हवी.

अश्वपाल बंधूंनो, आता तुमच्याशी बोलतो. 'घोडा एकदम गरीब आहे, बसा बिनधास्त' हे वाक्य तुम्ही खरे मानून बोलता आणि बहुतेक वेळा ते खरे असते. तुमचे घोडे शांत आहेत म्हणूनच एवढे नवखे लोक रोज सुखरूप घरी जातात. पण दुडकीला घोडा कोणाच्या हुकमावर चालतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही काठी घेऊन मागून पळता, तोंडाने आवाज करता, घोडा तुमचे ऐकून धावतो. वर बसलेल्याला वाटते, मी चालवतो आहे. वळणावर तुम्ही दहा पावले मागे पडता आणि त्या दहा पावलांत वर कोणीच चालक नसतो. परतीच्या वाटेवर तर घोड्याला तबेला आणि दाणा दिसू लागतो, तो आपण होऊनच वेग घेतो. 'काका, जरा पळवा ना' असे गिऱ्हाईक म्हणते, चार पैसे जास्त मिळतात, आणि नाही म्हणणे अवघड जाते. म्हणूनच हा नियम नगरपरिषदेचा असावा. 'मी नाही म्हणत, नियम आहे' असे तुम्हाला म्हणता आले पाहिजे. एकट्या अश्वपालावर हे ओझे टाकले तर शेजारचा घोडेवाला गिऱ्हाईक घेऊन जाईल.

नवख्या स्वाराचा त्रास आधी घोड्याला होतो, हेही तुमच्याइतके कोणी जाणत नाही. दुडकीत न उठता-बसता धपाधप आपटणारा माणूस घोड्याच्या कमरेवर आपटत असतो. दिवसातून अशी आठ-दहा माणसे वाहिली की पाठ धरते, खोगिराखाली सोलवटते, घोडा खोगीर पाहताच कान मागे पाडू लागतो. पुष्कळ ठिकाणी पाळला जाणारा ठोकताळा असा की खोगिरासकट एकूण ओझे घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला हे ७० किलो होते. खोगिराचे दहा वजा केले तर स्वार ६० किलोचा. तुमचे कितीतरी घोडे यापेक्षा लहान चणीचे आहेत. दस्तुरीला वजनकाटा ठेवला तर भारी माणसाला मोठा घोडा देता येईल, किंवा नम्रपणे चालत जायला सांगता येईल. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणजवळ छावणीत असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना दाणा-वैरणीविषयी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. आत्ता हवी तशी उधळपट्टी केलीत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. घोड्याच्या हालांची जबाबदारी वापरणाऱ्यावर असते, ही समज आपल्याकडे किती जुनी आहे!

मुलांबाबत एकच गोष्ट, पण ठामपणे. बापाने पुढ्यात चार वर्षांचे मूल घेऊन एकाच घोड्यावर बसायचे, ही पद्धत बंद व्हावी. बापाचे दोन्ही हात मुलात गुंतलेले असतात, तोल गेला तर तो मुलाच्या अंगावर पडतो. लहान मुलाला एकटे बसवा, त्याच्या मापाचे हेल्मेट द्या, लगाम घोडेवाल्याच्या हातात आणि एक मोठा माणूस बाजूने चालत. रिंगणात दोन फेऱ्या मारल्या तरी त्या वयाला पुष्कळ होतात आणि मूल खूश असते.

नगरपरिषदेला हा नुसता सुरक्षेचा विषय वाटू नये, म्हणून पुढचे लिहितो. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर आले, १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. मधल्या काळात वर येणारी माणसे पायी, डोलीत किंवा घोड्यावर येत. इथला घोडा रेल्वेच्याही आधीचा आहे आणि आजवर त्याने मुख्यतः वाहतूक केली आहे. आता वाहतूक त्याच्या हातून जाते आहे. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि ई-रिक्षांचा मार्ग आणखी मोकळा झाला. माणसाने माणसाला ओढणे थांबले पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही. पण दस्तुरी ते बाजार हे अंतर ई-रिक्षा कमी पैशात आणि धूळ न खाता कापत असेल, तर सामानाची पिशवी आणि दोन मुले घेऊन उतरलेले कुटुंब घोडा कशाला करील? येत्या काळात घोड्याला काम मिळायचे तर ते वाहतुकीचे असणार नाही.

मला वाटते ते शिकवण्याचे असेल. मोटारगाड्या नाहीत, हॉर्न नाहीत, मुंबई-पुण्याहून काही तासांत पोहोचता येते, आणि शेकडो माणसांना घोड्याची पिढीजात जाण आहे, असे दुसरे गाव महाराष्ट्रात मला माहीत नाही. मुंबईत महालक्ष्मीला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, पुण्याच्या आसपास काही शाळा आहेत, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्र घोडेस्वारी शिकतात. सामान्य मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला किंवा मुलाला मात्र घोडेस्वारी शिकायची तर पर्याय फार थोडे आणि महाग आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत माथेरानला आठवडाभराचे वर्ग निघाले तर किती पालक मुलांना घेऊन येतील याचा विचार करा. एका फेरीत संपणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा सात दिवस राहणारे गिऱ्हाईक घोडेवाल्याला, खानावळीला, चप्पल-चिक्कीच्या दुकानाला, सगळ्यांनाच बरे. घोड्यालाही बरे, कारण रिंगणातला एक तास दगडांवरच्या पाच फेऱ्यांपेक्षा हलका असतो.

जागा आहे. ऑलिंपिया मैदान घोड्यांच्या शर्यतींसाठीच ओळखले जाते. त्याच्या एका कोपऱ्यात २० मीटर व्यासाचे रिंगण लाकडी दांडे आणि दोर लावून उभे करता येते. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, नवे बांधकाम तिथे होऊ नये असेच मलाही वाटते. रिंगणाला सिमेंटची एक पाटीसुद्धा लागत नाही. जमीन मात्र दगड वेचून, माती मोकळी करून ठेवावी लागते आणि रोज सारखी करावी लागते. दस्तुरीला याहून लहान, पाव तासाच्या शिकवणीपुरते दुसरे रिंगण हवे. तिथेच चढण्या-उतरण्यासाठी लाकडी चौथरा ठेवा. जमिनीवरून रिकिबीला लटकून चढणाऱ्या माणसामुळे घोड्याच्या पाठीला पीळ बसतो आणि खोगीर सरकते. चौथरा असला की चढणाराही कमी लाजतो, विशेषतः साडी नेसलेल्या किंवा वयस्क बायका, ज्यांना चारचौघांत उचलून बसवले जाते तेव्हा त्यांचा चेहरा पाहावत नाही.

शिकवणार कोण, हा खरा प्रश्न. घोडा सांभाळता येणे आणि माणसाला शिकवता येणे ही दोन वेगळी कसबे आहेत. पहिले तुमच्याकडे भरपूर आहे. दुसरे शिकता येते आणि त्याला फार दिवस लागत नाहीत. सैन्याची जनावरे सांभाळणाऱ्या रिमाउंट व्हेटर्नरी कोरमधून निवृत्त झालेली माणसे पुणे-सातारा भागात आहेत, रायडिंग क्लबांचे शिक्षक आहेत. पावसाळ्यात मिनी ट्रेन नेरळहून वर येत नाही, गर्दी ओसरते, तेव्हा महिनाभर प्रशिक्षण ठेवता येईल. त्यात माथेरानच्या मुलींना आवर्जून घ्या. शिकायला येणाऱ्यांत मुली आणि बायका निम्म्याहून कमी नसतात, असा माझा अनुभव आहे. स्त्री शिक्षक असेल तर त्या मोकळेपणाने शिकतात. ज्यांना प्रशिक्षण मिळाले त्यांच्या परवान्यावर तशी नोंद व्हावी आणि शिकवण्याचा वेगळा दर त्यांना मिळावा. पाव तासाची शिकवणी फुकट नको. कमी का होईना, तिचे पैसे दराच्या फलकावर छापलेले हवेत.

पर्यटकाला वेळ नसतो, तो कंटाळून निघून जाईल, अशी भीती तुमच्यापैकी काहींनी मला बोलून दाखवली आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण त्याच्यामागे संध्याकाळच्या कमाईची काळजी आहे. पण तोच पर्यटक पॅराग्लायडिंगला जातो तेव्हा पट्टे बांधताना सगळ्या सूचना मुकाट ऐकतो, दुचाकी चालवण्याआधी शिकाऊ परवाना काढतो. धोका कळला की माणूस वेळ देतो. घोड्यावर धोका आहे हेच त्याला आजवर कोणी सांगितले नाही. राजस्थानात मारवाडी घोड्यांवरून कित्येक दिवसांच्या सफरी निघतात. तिथे चांगले आयोजक नोंदणीच्या वेळीच विचारतात की मोकळ्या रानात चालणे, दुडकी आणि त्यापुढची धाव तुम्हाला सांभाळता येते का, तुमचे वजन किती. येत नसेल तर आधी शिकून या म्हणतात. लोक त्यांच्यावर रागावत नाहीत, शिकून जातात.

यातले एक काम मात्र उद्यासुद्धा होण्यासारखे आहे. दस्तुरीला दरफलकाशेजारी दुसरा फलक लावा. मजकूर मी सुचवतो, हवा तसा बदला: 'घोडेस्वारी न शिकलेल्यांचा घोडा चालीनेच नेला जाईल. पळवण्याचा आग्रह करू नये. चपला घालून बसता येणार नाही. हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय घोडा हलणार नाही. घोड्याच्या मागून जाऊ नये, खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असे जावे. ओढणी, पदर आणि कॅमेऱ्याचा पट्टा आवरून घ्यावा. घोड्यावर मोबाइल हातात धरू नये. भीती वाटली तर ओरडू नये, मागे बसावे, श्वास सोडावा, घोडेवाल्याला हाक मारावी. उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढावेत.' मराठी, हिंदी आणि गुजराती, तिन्ही भाषांत लिहा. तुमच्याकडे गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने येतात.

दिवाळीच्या गर्दीआधी ऑलिंपियावर एका रिंगणाने सुरुवात करता आली तर पाहा. चार शांत, वयाने मोठे घोडे आणि शिकवायला तयार असलेली चार-सहा माणसे एवढ्यावर हंगाम काढता येईल, पुढचे अनुभवावरून ठरवू. पावसाळ्यातल्या प्रशिक्षणासाठी मी आणि माझे दोन सहकारी मोबदला न घेता येऊ. शिकवण्याच्या दोऱ्या आणि लहान मुलांच्या मापाची काही हेल्मेट आमच्याकडून आणू. नगरपरिषदेच्या सभेत हा विषय कधी घेता येईल तेवढे कळवावे. सभेला हजर राहून अश्वपालांच्या शंकांना उत्तरे द्यायची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
घोडेस्वारीचा एक शिक्षक, पुणे